आंबिया निघेल

वरूडच्या पुढं, संत्र्याच्या वॅक्सिंग सेंटरमागच्या खोलीत
लोखंडी कपाटाला टेकून ते बसलंय.
राखी रंग. एका कोपऱ्याखाली विटेचा तुकडा.
सर्व्हर दोन हजार तीन.
हमाल त्याला मोठं मशीन म्हणतात, मी नुसतं 'ते'.

वजनकाट्याची वायर थेट त्याच्या पाठीत जाते.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
सतरा हंगाम त्यानं एवढंच केलं
आणि एक किलो इकडचा तिकडे झाला नाही.
माझा झाला. दोनदा. लाइट नव्हती, पावती हातानं लिहिली,
त्यातली एक चूक मुद्दाम, रंजनाबाईच्या टेम्पोसाठी.
ते जाऊ द्या.

इंटरनेट मी त्याला दाखवलंच नाही.
एकदा दौलत घोरमाड्याच्या पोरानं
लग्नाचा व्हिडिओ पाहायला पेनड्राइव्ह खुपसला,
तर तीन दिवस पावतीवर माणसांच्या नावाच्या जागी
चौकोन.
चौथ्या दिवशी एम-सील मळलं
आणि मागची सगळी भोकं बुजवून टाकली,
गळकी टाकी बुजवावी तशी.

परवा नागपूरहून पलाश रहांगडाले आला,
बॅगेत नव्या सर्व्हरचं कोटेशन, एक लाख ऐंशी हजार.
"कायले ठेवलं हे, मॅडम?
कंपनीनं दोन हजार पंधरालेच हात वर केले याच्यावरून."
मी विचारलं, नवं काय जास्तीचं करेल?
"सेफ राहीन."
कोणापासून?
"इंटरनेटपासून."
ते तर इथं येतच नाही.
तो हसला. चहा घेतला. बशीत ओतून.

मग सहज, बशीतून मान वर न करता :
"पासवर्ड कोणाजवळ हाये?"
माझ्याजवळ.
"अन् तुम्ही नसल्या त?"

बाहेर ग्रेडिंगच्या पट्ट्यावरून संत्री घरंगळत होती,
मोठी एका खोक्यात, बारीक दुसऱ्या,
आणि मला एकदम कळलं
की जुनं मशीन ही अडचण नव्हतीच.

अडचण मी होते. माझं डोकं,
ज्यात तो पासवर्ड आहे, आणि हेही की
प्रिंटर अडला तर डावीकडून चापट मारायची,
आणि लाइट जाऊन आली की ते दर वेळी
एक जानेवारी दोन हजार तीनला जागं होतं,
तेव्हा त्याला आजची तारीख सांगायची.
तारीख सांगितल्याशिवाय ट्रक घ्यायचा नाही.

"तारीख कायची सांगता?" म्हणत त्यानं पत्रा उघडला.
आतून धुळीचा आख्खा गालिचा निघाला,
वॅक्सिंगच्या पंख्यानं उडवला,
आणि किरण्याच्या दुकानातून तीस रुपयांचा सेल आणून
बटणासारखा आत बसवला.
झालं.
हार्ड डिस्कला कान लावून बसला बराच वेळ,
डॉक्टरही हल्ली इतका वेळ देत नाहीत.
म्हणाला, "आंबिया निघून जाईन.
मृगाची हमी नाही देत."

कोटेशन टेबलावर ठेवून गेला. मी ते फाडलं नाही,
पेपरवेट म्हणून वर एक गळालेलं संत्रं ठेवलं.

काल दुपारभर वहीत लिहीत बसले.
पासवर्ड. चापट. विटेचा तुकडा का.
काट्यावरच्या सुनंदाला बसवून वाचून दाखवलं,
ती म्हणाली, अक्षर लागत नाही बाई तुमचं.
पुन्हा लिहिलं.

आज पहाटे लाइट गेली, साडेआठला आली.
पंखा घरघरला, पडदा निळा झाला,
माझं बोट सवयीनं कळफलकावर गेलं,
आणि कोपऱ्यात त्यानं आपणहून
आजची तारीख लिहिलेली होती, बरोबर.

बोट तसंच राहिलं थोडा वेळ.
मग काट्यावर पहिला ट्रक चढला.